चेहरा माझा, मथळा त्यांचा

माझे बाबा जिवंत आहेत. गेल्या हिवाळ्यात हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी आई वैतागून म्हणाली, "आता दारावरच लिहून लावतं काय वं?"

झालं असं की बाबांसोबत मी कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रावर गेले होते. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर आता 'कपास किसान' अ‍ॅपवर आधी नोंदणी करावी लागते. आधार, सातबारा, पीकपेऱ्याची नोंद, शेतकऱ्याचा फोटो असं सगळं त्यात चढवायचं. घरात हे जमणारी मी एकटी, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं, आणि गाडीसोबत मीही आले. २०२५-२६ च्या त्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव होता. ओलावा आठ टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. रांगेतला प्रत्येक जण आपल्या गाडीत हात घालून कापूस मुठीत दाबून बघत होता. मुठीला काय कळतं कोण जाणे, पण सगळेच दाबत होते. तेवढ्यात माइकवाला एक पोरगा आला. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. दोन मिनिटं बोला ना."

मी चांगली पाच-सात मिनिटं बोलले. आधारला जुनाच मोबाइल नंबर जोडलेला असला की ओटीपी कुठे जातो, ज्याच्या घरी शिकलेलं पोर नाही त्यानं फोन घेऊन कोणाच्या दारी जायचं, वेचणीचा भाव काय झालाय, हे सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "तुमच्या गावात आत्महत्या झाल्यात का?" झाल्यात. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातच झाली. त्या काकांची मुलगी आणि मी एका बाकावर बसून दहावी केली. ते सांगताना माझा गळा दाटला, डोळे भरले. माइकवाल्यानं फोन आणखी जवळ आणला.

दोन-तीन दिवसांनी व्हिडिओ आला तो चाळीसेक सेकंदांचा. अ‍ॅप नाही, ओटीपी नाही, वेचणी नाही. भरलेले डोळे, मागे बासरी, आणि वर लाल पट्टीत मोठ्या अक्षरांत: 'बाप गेला... कॉलेज सोडून लेक कापूस विकायला रांगेत!' बाप माझ्यापासून चार हातांवर गाडीला टेकून उभा होता. कडेला त्यांची टोपीही दिसते, नीट पाहिलं तर.

सकाळी आत्याचा फोन आला. "काहून वं, माह्या भावाले काय झालं? मले कोनी सांगतलं कसं नाही?" तिचं रडणं थांबवायला फोन बाबांच्या हातात द्यावा लागला. मग मामाचा, मग कॉलेजातल्या मैत्रिणींचा, मग ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं भेटलो नाही अशा माणसांचा. बाबांनी पहिले काही फोन हसून घेतले. नंतर ते फोनकडे बघेनासे झाले. स्वतःच्या मरणाबद्दल दिवसभर लोकांशी बोलणं सोपं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

यातली खरी खुबी अशी की मी खोटं काहीच बोलले नव्हते आणि त्यांनी माझ्या तोंडी खोटं वाक्यही घातलं नव्हतं. रडणं खरं होतं, रांग खरी होती, गावातली आत्महत्या खरी होती. फक्त ते रडणं शेजारच्या काकांसाठी होतं. एका मथळ्यानं माझ्या बाबांना मारलं आणि माझ्या मैत्रिणीच्या बाबांना पुसून टाकलं. तिनं तो व्हिडिओ पाहिला आणि मला एवढंच म्हणाली, "तुह्याच नावावर केले का वं त्यायले?" त्या चॅनलवर माझा सर्वांत मोठा राग आजही या एका गोष्टीसाठी आहे.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. माइक समोर आला की आपण काय बोलायचं याचा विचार करतो. त्याआधी विचारायचं असतं ते हे: व्हिडिओ कुठे टाकणार, मथळा काय देणार, टाकण्याआधी मला दाखवणार का, आणि तुमचा नंबर द्या. चांगला पत्रकार या प्रश्नांनी चिडत नाही. मथळा आधी दाखवण्याचं तो कदाचित कबूल करणार नाही, पण आपलं नाव, नंबर आणि कुठे छापून येणार हे सरळ सांगतो. जो "अहो ताई, तुमच्या फायद्याचंच आहे" म्हणून प्रश्न उडवून लावतो, त्याच्यासमोर हमीभावावरही बोलू नये. आणि बोलायचं ठरलंच तर आपणही आपल्या फोनवर अख्खं रेकॉर्ड करून ठेवायचं. सोबतच्या माणसाला सांगितलं तरी होतं. "तू माझा पण व्हिडिओ काढ गं" एवढं म्हटलं तरी समोरच्याची कात्री थोडी जपून चालते. शिवाय पुढे तक्रार करायची वेळ आली तर मूळ बोलणं आपल्याकडे असतं. माझ्या बाबतीत बाबांनी गंमत म्हणून काढलेला व्हिडिओ होता, तिरपा आणि हलणारा. पुढे तोच कामी आला.

दुसरं, दुसऱ्याच्या घरातलं दुःख उदाहरण म्हणून कॅमेऱ्यासमोर सांगू नये. विचारलं तर "झाल्यात, पण त्या घरच्यांना विचारल्याशिवाय बोलणार नाही" एवढंच उत्तर द्यावं. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याबद्दल भारतीय प्रेस कौन्सिलनं २०१९ साली मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: ठळक जागी छापू नका, सारखी उगाळू नका, कशी केली ते सांगू नका, भडक मथळे देऊ नका. वर्तमानपत्रांतही त्या सगळीकडे पाळल्या जातात असं नाही, आणि माइक विकत घेऊन चॅनल काढणाऱ्याला त्या आहेत हेच ठाऊक नसतं. आपल्याला ठाऊक असाव्यात. समोरच्याला "प्रेस कौन्सिलच्या सूचना वाचल्यात का?" असं विचारलं की निम्मे जण माइक गुंडाळतात.

यवतमाळात राहणाऱ्याला हे जास्त का कळायला हवं, तर आपल्या जिल्ह्याचा मथळा आधीच छापून तयार असतो. कॅमेरा येतो तो त्या मथळ्याला बसेल असा चेहरा शोधत. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. राज्यात पहिली म्हणून गाजलेली शेतकरी आत्महत्या ती. आजही १९ मार्चला त्यांच्या आठवणीत अन्नत्याग होतो. त्याला चाळीसेक वर्षं झाली. या काळात जिल्ह्यानं बाकी काय केलं, कोण शिकलं, कोणी कोणतं पीक बदललं, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला विचारा. 'यवतमाळची' म्हटलं की समोरच्याचा चेहरा आपोआप गंभीर होतो. एकदा पुण्याला जाताना रेल्वेत एका काकूंनी गाव ऐकून मला न विचारता डब्यातले दोन लाडू दिले होते. लाडू चांगले होते, ते सोडा.

जळका गावच्या कलावती बांदुरकर यांचं उदाहरण तर देशाला माहीत आहे. त्यांच्या नवऱ्यानं २००५ मध्ये आत्महत्या केली. जुलै २००८ मध्ये राहुल गांधी त्यांच्या घरी आले आणि त्याच महिन्यात लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेत त्यांनी कलावतीबाईंचं नाव घेतलं. त्या दिवसापासून ते नाव बाईंचं एकटीचं राहिलं नाही. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, अविश्वास ठरावाच्या चर्चेत अमित शहांनी तेच नाव पुन्हा घेतलं, त्यांना काय काय मिळालं आणि ते कोणी दिलं हे सांगायला. मग गावात पुन्हा कॅमेरे आले आणि कोणी काय दिलं याचा खुलासा बाईंना करावा लागला. त्यांनी तो ठणकावून केला आणि सभागृहात सांगितलेलं नाकारलं. कोण बरोबर या वादात मला पडायचं नाही. मला दिसतं ते एवढंच की एका बाईला आपल्याच आयुष्याबद्दल पंधरा वर्षं खुलासे द्यावे लागताहेत, आणि प्रश्न दर वेळी दुसऱ्यानं ठरवलेला.

याच्या उलटही इथेच घडलंय. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावून ते निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि राज्यभर गदारोळ झाला. जे भाषण मांडवात झालंच नाही ते फोनाफोनांवर फिरलं आणि मांडवात झालेल्या कितीतरी भाषणांपेक्षा जास्त वाचलं गेलं. मी तेव्हा शाळेत होते. उद्घाटन शेवटी केलं ते राजूरच्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. त्या मंचावर त्या नुसत्या शोभेला बसल्या नाहीत, मागे उरलेल्या बाईला कसं जगावं लागतं ते स्वतःच्या तोंडानं बोलल्या. पुढे 'तेरवं' नाटकात उभ्या राहिल्या आणि लोकसभेची निवडणूकही लढल्या. त्यांना आयोजकांनी अडचणीतून सुटायला बोलावलं असं म्हणणारे होते, आणि त्यात तथ्य असेलही. पण माइक हातात आल्यावर काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं. कलावतीबाईंच्या आणि त्यांच्या गोष्टीतला फरक मला इथे दिसतो, आणि आपल्यासारख्या पोरापोरींनी शिकायचा तो हाच.

आता पुन्हा माझ्या व्हिडिओकडे येते, कारण मथळ्यानं भागलं नाही.

खालच्या कमेंटमध्ये पहिला प्रश्न होता, "आडनाव काय?" दुसरा, "कोणत्या समाजाची?" मदत करायची की नाही हे त्यावर ठरणार होतं. कोणीतरी आडनाव शोधून टाकलं आणि मग तो व्हिडिओ एका समाजाच्या ग्रुपांवर 'आपली लेक' म्हणून फिरला, तर दुसऱ्या ग्रुपांवर 'यांना सगळं फुकट मिळतं तरी रडतात' म्हणून. एकाच चाळीस सेकंदांचे दोन्ही अर्थ. मधूनमधून "ताई लग्न झालं का" होतंच. वाघ, झेंडा, महापुरुष असले फोटो लावून मागून बोलणारी ही मंडळी आपल्याच जिल्ह्यातली होती, हे त्यांच्या भाषेवरून कळत होतं. मी व्हिडिओत गावाचं नाव सांगितलं होतं. त्यामुळे एक अनोळखी इसम आमच्या एसटीच्या थांब्यावर येऊन चौकशी करून गेला. थांब्यावर गावची माणसं होती म्हणून निभावलं. तेव्हापासून बाईटमध्ये गाव, कॉलेज, येण्याजाण्याची वेळ यांतलं काही सांगू नका असं मी सगळ्या मुलींना सांगते. तालुका सांगितला तरी पुरतो. कोणी पाठलागच सुरू केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, प्रत्यक्ष पाठलाग असो की इंटरनेटवरचा, तो गुन्हा आहे. ११२ ला फोन करायला लाजू नये.

त्यानंतर क्यूआर कोड आला. माझा रडका चेहरा कापून कोणीतरी माझ्या नावाचं खातं उघडलं आणि 'शिक्षणासाठी मदत करा' म्हणून खाली कोड डकवला. आम्हाला हे कळलं ते नागपूरच्या एका लांबच्या दादामुळे. त्यानं ५०१ रुपये पाठवले आणि "मिळाले का गं?" म्हणून फोन केला. बाकी किती जणांनी पाठवले असतील, कोणाला माहीत.

इथून पुढे आम्ही जे केलं ते नीट सांगते, कारण गावाकडे अशा वेळी लोक एक तर घाबरून गप्प बसतात, नाहीतर कमेंटमध्ये भांडत बसतात. भांडणानं व्हिडिओ आणखी वर चढतो, एवढं कळलं की तो मोह सुटतो.

आधी पुरावा. नुसता फोटो नव्हे, तर खात्याचा पूर्ण पत्ता म्हणजे लिंक, तारीख, वेळ, क्यूआर कोड आणि त्याखालचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट, आणि एक स्क्रीन रेकॉर्डिंग. खातं उडालं की पुरावाही उडतो, म्हणून तक्रार करण्याआधी हे करायचं. मी एक साधी दोनशे पानी वही घातली: कुठे दिसलं, कधी, काय लिंक, कुठे कळवलं, तक्रारीचा क्रमांक काय. फोनमध्ये ठेवलेलं सापडत नाही, वहीतलं सापडतं.

पैशांची तक्रार ज्यानं पैसे पाठवले त्यानं करायची असते, कारण व्यवहार त्याच्या खात्यातून झालेला असतो. १९३० हा नंबर त्यासाठीच आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी ती रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, बँक, वेळ हे हाताशी ठेवूनच फोन लावायचा. दादा म्हणत होता, "जाऊ दे ना, पाचशेच तर आहेत." त्याला पटवायला मला वेळ लागला की तक्रार पाचशेची नाही, त्या खात्यात जाणाऱ्या पुढच्या सगळ्या पैशांची आहे.

माझ्या नावानं खातं उघडल्याची तक्रार मी केली, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर. तिथे तक्रार टाकली की क्रमांक मिळतो. तो घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलं की पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याची ओळख चोरून वापरण्यासाठी कलम ६६ सी आहे आणि संगणक वा मोबाइलवरून तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६ डी. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. कलमं पाठ असण्याची गरज नाही, पण अर्जात लिहिलेली असली की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

अ‍ॅपकडे तक्रार करताना एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. मैत्रिणी जमवून शंभर जणींनी रिपोर्टचं बटण दाबण्यापेक्षा, जिचा चेहरा वापरलाय तिनं स्वतः ओळखपत्र जोडून तोतयेगिरीचा एक अर्ज भरणं जास्त उपयोगाचं. प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता त्यांच्या साइटवर द्यावा लागतो. २०२१ चे नियम आले तेव्हा तोतयेगिरी आणि बनावट फोटोंच्या तक्रारीवर २४ तासांत पावलं उचलायची मुदत त्यात घातली गेली. तिथे समाधान झालं नाही तर अपिलासाठी सरकारची वेगळी समिती आहे. व्हिडिओसाठी यूट्यूबवर खासगीपणाच्या भंगाची तक्रार वेगळी असते. त्यात व्हिडिओच्या कितव्या सेकंदाला तुम्ही दिसता हे लिहावं लागतं, आणि टाकणाऱ्याला आधी ४८ तास दिले जातात.

आणि चॅनलला लेखी कळवायचं. हे आम्ही उलट्या क्रमानं केलं, बाबांनी आधी फोनच लावला. "मी जित्ता आहो. हे तुमच्या चॅनलवर सांगा." पलीकडचा पोरगा जरा थांबला आणि म्हणाला, "काका, मग तुमचाच एक व्हिडिओ करू ना! 'मेलेला बाप परत आला.' मस्त चालेल." बाबांनी त्याला जे ऐकवलं ते मासिकात छापता येणार नाही. त्यानंतर त्यांनी मथळ्यात दुरुस्ती केली: 'बाप गेला?' एक प्रश्नचिन्ह वाढलं. मग मी ईमेल केला, त्यात बाबांनी काढलेला तिरपा व्हिडिओ जोडला, तक्रारीचे क्रमांक घातले आणि ठरावीक तारखेपर्यंत काढून टाका असं लिहिलं. व्हिडिओ गेला. माफी नाही, खुलासा नाही, नुसता गेला.

त्या पोराची मला थोडी कीवही येते, खोटं कशाला बोलू. तोही पदवी घेऊन बसलेला, आमच्यासारख्याच घरातला. ओलाव्याच्या टक्क्यांवरचा व्हिडिओ शंभर माणसं बघतात आणि बाप मेलेल्या पोरीचा लाखभर, हे त्याला ठाऊक आहे. त्या लाखभरात आपण असतो. मला व्हिडिओ पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो आधी चार ठिकाणी पुढे ढकलला होता आणि मग मला विचारलं होतं, "खरं आहे का गं?"

म्हणून या पुढे ढकलण्याकडेही वळायलाच हवं. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात आमचे नातेवाईक आहेत. २०१८ मध्ये तिथे टी-वन वाघिणीची दहशत होती. तिच्यावर तेरा माणसांच्या बळींचा ठपका होता. दुपार कलली की शेतं रिकामी व्हायची, कापूस वेचायला बायका घोळक्यानं जायच्या आणि त्यातल्या एकीच्या हातात डबा बडवायला काठी असायची. त्याच वेळी देशभरातल्या फोनांवर तिचं नाव अवनी झालं, तिच्यासाठी मोहिमा चालल्या, मेणबत्त्या लागल्या. तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटी भागात तिला गोळी घातली गेली. ती कशी घातली, नियम पाळले का, यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनंही बोट ठेवलं. ते प्रश्न रास्त होते. पण त्या रात्रीनंतर जे लिहिलं गेलं त्यात गावकरी एक तर रानटी होते किंवा नव्हतेच. आणि आमच्याकडच्या ग्रुपांवर वाघिणीसाठी बोलणारा प्रत्येक जण शेतकऱ्याचा वैरी ठरला. डबा बडवणाऱ्या बाईला कोणी विचारलं नाही की तिला वाघीण मेलेली हवी होती की नुसती दूर नेलेली. आमच्या मामींना मी मोठी झाल्यावर विचारलं. त्या म्हणाल्या, "मले कापूस घरी आनाचा होता." एवढंच.

ज्या प्रश्नावर लिहायचंय तो ज्याच्या बांधावरचा आहे, अशा एका तरी माणसाला आधी फोन लावायचा, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. कॉलेजात यावर हसतात. पण आपल्या पिढीचं प्रत्येक गावात कोणी ना कोणी ओळखीचं असतं. बातमी तपासायला इतकी सोय आजवर कोणाला नव्हती.

तपासणं म्हणजे दर वेळी 'खोटं आहे' म्हणणं नव्हे, हेही इथेच शिकायला मिळालं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. त्यानंतर शिकलेल्या पोरांना सवय लागली की विचित्र बातमी दिसली की 'फेक' म्हणून मोकळं व्हायचं. मग जानेवारी २०२१ च्या शेवटी बातमी फिरली की घाटंजी तालुक्यात लहान बाळांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं. ग्रुपवर सगळ्यांनी हसून उडवली. ती खरी होती. बारा बाळं होती. नशिबानं ती बरी झाली. दोन्ही वेळा चूक एकच होती, कोणी फोन लावला नाही.

आणखी एक, थोडक्यात. पोस्ट काढून टाकली की विषय संपला असं समजू नका. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीनं एक पोस्ट पुढे पाठवली, ओरड होताच ती काढली, माफीही मागितली. तरी कॉलेजनं काढून टाकलं, अटक झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिला तेव्हा कुठे तिला परीक्षेला बसता आलं. न्यायालयानं सरकारलाही खडसावलं. तिच्यावर अन्याय झाला असं माझं मत आहे. पण न्याय मिळेपर्यंतचे दिवस तिचेच गेले. २०१२ मध्ये पालघरला फेसबुक पोस्टवरून मुलींना अटक झाली त्यानंतर गाजलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ए हे कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, तेव्हा कोणी त्या कलमाची धमकी दिली तर ते उरलेलं नाही असं शांतपणे सांगावं. बाकीची कलमं मात्र आहेत. म्हणून गप्प बसा असं मी म्हणत नाही. लिहा, आपल्या नावानं लिहा, आणि जेवढं बाबांसमोर मोठ्यानं वाचून दाखवता येईल तेवढं लिहा. रागाच्या भरात रात्री अकराला पुढे पाठवलेली दुसऱ्याची ओळ आपल्या नावावर चढते, आणि तिचा बचाव करायला ती लिहिणारा येत नाही.

मी अजून बाईट देते. मध्ये एसटीच्या पासावरून मुलींनी निवेदन दिलं तेव्हा दिली. फक्त आता आधी ठरवते की एकच मुद्दा बोलायचा, तो पहिल्या दोन वाक्यांत संपवायचा, आणि "घरी कोण कोण असतं?" असा प्रश्न आला की "पासाबद्दल विचारा" म्हणायचं. लांब बोललं की कापायला कापड मिळतं. एका वार्ताहरानं परवा फोन करून विचारलं, "तुमचं वाक्य असं छापतोय, चालेल ना?" मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दोनदा धन्यवाद म्हटलं.

त्या जुन्या व्हिडिओच्या नकला मात्र अधूनमधून वर येतात. कोणीतरी तो तेव्हाच उतरवून घेतलेला असतो आणि कापसाचा हंगाम आला की नव्या चॅनलवर चढवतो. मी स्वतःचं नाव, तालुका, 'लेक', 'कापूस', 'रांग' असे शब्द टाकून शोधत राहते. सापडला की लिंक वहीत, तारीख शेजारी, अर्ज तोच. शेजारची मैत्रीण आता नर्सिंगला आहे. तीही शोधते, कारण व्हिडिओतलं दुःख तिचं आहे, आणि चॅनलला जाणाऱ्या पत्रावर आता आम्ही दोघी सही करतो. मागची नक्कल तिलाच सापडली. या वेळी मथळ्यात मला दोन लहान भाऊ मिळाले होते.